चिरीमिरी

इथल्या डोंगरात पाऊस पडत नाही, झिरपतो.
बास्क लोक त्याला चिरिमिरी म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकटाच हसलो.
ओइआनाला कारण सांगितलं,
तर म्हणाली, बरोबरच आहे की,
हा पाऊस डांबराच्या हातावर काहीतरी टेकवतो
आणि मग डांबर काणाडोळा करतं.

गाडी तिच्या बापाची. पांढरी, दोन दारांची,
नाकात इंजिन, ढकलणारी चाकं मागे.
चॅपेलच्या वरच्या तिसऱ्या वळणावर
ॲक्सिलरेटरला पाय लागला रे लागला
की ढुंगण बाहेर.
दर वर्षी तेच वळण, तोच कठडा,
मागच्या पत्र्याला तोच पोचा.

शाबात गराजच्या दारात स्टुलावर.
गुडघे गेल्यापासून गाडी चालवत नाही, नुसता ऐकतो.
त्याने जन्मभर एकच केलं: आवळलं.
स्प्रिंगा कडक, मागचा दांडा मनगटाएवढा,
टायरांत हवा ठासून,
तरी काही सुटलंच तर आणखी अर्धा आटा.
घरातही तसंच, ओइआना म्हणाली,
आणि पाना शोधायला खाली वाकली.

टायरच्या कुशीवर चार आकडे असतात,
तेविसावा आठवडा, अकरा साल.
नक्षी खोल, कोरी करकरीत,
म्हणून कुणी बदलले नव्हते.
मेंढीच्या दुधाचं चीज करणारी खोशेपा आत्या
अंडी द्यायला आली होती,
तिने रबरात अंगठा रोवून पाहिला.
रुतला नाही.
हे कापायचं नाही, किसायचं, म्हणाली
आणि अंडी ठेवून गेली.

नवे टायर मऊ, रुंदी तेवढीच.
एनेको म्हणत होता, दोन बोटं रुंद घे,
दिसायलाही बरे.
ओइआनाने ऐकून घेतलं.
अख्खी गाडी चार तळहातांवर उभी असते,
त्यातले मागचे दोन ढकलतात आणि तेच सावरतात,
त्यांना अंगठ्या घालून काय होणार.

हवा दोन पॉइंट चारवरून एक पॉइंट नऊ.
एक फेरी मारायची, उतरायचं,
टायरवर हात फिरवायचा,
मध्ये गरम की कडेला गरम.
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा ती हात ठेवत होती, घाई न करता.
मागची चाकं केसभर आत वळवली,
ओल्या फरशीवर माणूस पावलं टाकतो तशी.

मग तो दांडा.
एक चाक दचकलं की तो दुसऱ्याला दचकवतो,
त्याचं एक टोक सोडायचं होतं.
शाबातनेच तो बसवला होता, ती शाळेत असताना.
नट हलेना.
ती पाय रोवून, दात खाऊन,
मी टॉर्च धरून,
आणि बापाची नजर बाहेर, गुरांच्या पाणवठ्यावर.
बऱ्याच वेळाने त्याने न बघता
खिशातून चौदा नंबरचा पाना काढला,
दांडीला लांब नळी लावलेला,
आणि जमिनीवरून पायाने तिच्याकडे सरकवला.

संध्याकाळी चिरिमिरी होतीच.
मी शेजारच्या सीटवर, जीव मुठीत.
चॅपेल गेलं, पहिलं वळण, दुसरं,
गाडी कलत होती, पूर्वी कधी कलली नव्हती तेवढी,
होडीत बसल्यासारखं वाटत होतं.
तिसऱ्याला तिने पाय दिला, हळू,
पीठ चाळावं तसा,
आणि गाडीने चक्क बूड टेकलं.
सुटली नाही असं नाही.
वीतभर सुटली. ओइआनाने पाय काढला नाही,
थांबली,
तीही आली परत.

आता नाक बाहेर जातंय, मी म्हणालो.
जाऊ दे, ती म्हणाली,
नाक मला दिसतं तरी.

गराजच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं २.४,
वर्षानुवर्षं गिरवून जाड झालेलं.
किती, शाबातने विचारलं.
तिने सांगितलं.
त्याने खाली १.९ लिहिलं, लहान अक्षरात.
वरचं पुसलं नाही.
मग इंजिन गार होताना टिकटिकतं
ते ऐकत बसला,
अंडी कुणी घरात नेली का, विचारत.